कळलावीचा आश्विन

गेल्या आठवड्यात माझ्या सुनेनं नर्सरीतून एक कुंडी आणली. गच्चीवर तिची छोटी बाग आहे. गुलाब, मोगरा, गुलछडी, सगळं तिथं सुखानं नांदतं. नवी कुंडी तिनं कठड्याशी ठेवली, वेलाला आधाराची काठी लावली आणि मला हाक मारली, "आई, वर या ना! बघा तरी काय आणलंय!"

मी गुडघे धरत जिना चढून गेले. फूल अजून उमललं नव्हतं, नुसती पानं होती. लांबट, चकचकीत, हिरवीगार. आणि प्रत्येक पानाचं टोक बारीक होत होत वळलेलं, काठीला धरू पाहणारं. ते वळलेलं टोक दिसलं आणि मी दोन पावलं मागं सरकले.

"काय झालं, आई?"

"काही नाही. जिना चढले ना, दम लागला."

सुनेनं खुर्ची दिली. मी बसले, पण कुंडीकडं पाठ करून. तिला वाटलं, मला वेल आवडला नाही. तसं नव्हतं. तो वेल फार सुंदर असतो. त्याचं फूल आधी पिवळट हिरवं निघतं, मग वरून लाल होत जातं, पाकळ्या मागं वळतात आणि चुलीतल्या जाळासारख्या वर उठतात. एकदा पाहिलं की विसरत नाही. मी तर पन्नास वर्षांत विसरू शकले नाही.

आमच्याकडं त्याला कळलावी म्हणतात. भांडणं लावणाऱ्या बाईला लोक सहज कळलावी म्हणून जातात, पण वेलाचं नाव त्यावरून पडलेलं नाही. अडलेल्या बाळंतिणीच्या तळपायाला हिचा कंद उगाळून लावला की कळा सुरू होतात, अशी जुन्या बायांची समजूत होती. कळा लावते ती कळलावी. ज्या वर्षी हे नाव ऐकून मला घाम फुटायचा, त्या वर्षी मी पहिलटकरीण होते, आणि साल होतं बहात्तरचं.

माझं माहेर पारनेर तालुक्यात, सासर कोल्हारला. आदल्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. हे ट्रक चालवायचे, पण त्या वर्षी दुष्काळामुळं सरकारी पाण्याच्या टँकरवर लागले होते. गावोगाव पाणी पोचवत फिरायचे, घरी आठवड्यातून एखादी रात्र. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण माझ्या माहेरची विहीर चैत्रातच कोरडी पडली होती आणि आई-वडील दोघंही खडी फोडायला जात होते. आईनं निरोप धाडला, "लेकीला हितं आनून काय पाजू?" म्हणून मी सासरीच राहिले. घरात मी, सासूबाई आणि सासरे, एवढीच माणसं. आमच्या भागात सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्याला मामा. मीही तसंच म्हणायची.

आत्या आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले भागातल्या, डोंगरातल्या. उंच, काटक, कमी बोलणाऱ्या. पहाटे मिश्री लावून कामाला लागायच्या, आणि दिवसातून जेव्हा जेव्हा हात रिकामा व्हायचा तेव्हा तेव्हा परसात जायच्या. परसाच्या कुंपणाला लागून त्यांची फुलांची पट्टी होती. झेंडू, तेरड्याचं त्यांना काही वाटायचं नाही. त्यांचा जीव कंदांवर. उन्हाळ्यात गुलछडीचे आणि कळलावीचे कंद उकरून काढायचे, राखेत घोळायचे, कोरड्या वाळूच्या गाडग्यात भरून ठेवायचे आणि मृगानंतर पुन्हा लावायचे. गुलछडीचा कंद कांद्यासारखा. कळलावीचा मात्र दोन फाट्यांचा, नांगराच्या फाळासारखा. फाट्याच्या टोकाला बारीक डोळा असतो. तो मोडला की कंद गेला. म्हणून आत्या तो हाताला फडकं गुंडाळून, नुकत्या जन्मलेल्या पाखराला उचलावं तसा उचलायच्या आणि लावून झालं की राखेनं हात खसाखसा घासायच्या.

मी एकदा म्हटलं, "आत्या, एवढं भ्या वाटतं तर लावता कशाला?"

"भ्या कुठं वाटतं? जपावं लागतं," त्या म्हणाल्या. "माझ्या आयच्या कुंपनाला हुती. घटाला माळ हिच्या फुलांची असायची. इथं आले तवा कंद पदरात बांधून आनले. तेवढंच माझं माह्यार."

मला दिवस राहिल्याचं कळलं तेव्हापासून त्यांनी मला कुंपणाकडं फिरकू दिलं नाही. "तिकडं जाऊ नको. पोटुशी बाईनं तिच्या वाऱ्याला बी उभं ऱ्हाऊ न्हाई." मी मागच्या दारात बसून लांबून बघायची. पानांची टोकं कुंपणाच्या काट्यांना धरून वर सरकत होती. मला वाटायचं, रोज ती थोडी थोडी घराकडं येतायत.

त्या वर्षी भीती सगळ्यातच होती. श्रावण कोरडा गेला, भादवा कोरडा गेला. नदीच्या पात्रात झरे खणून बाया वाटी वाटीनं पाणी भरायच्या. कालव्याला पाणी कधी सुटेल ते कोणी सांगत नव्हतं. बैल छावणीत नेऊन बांधलेले. गोठा मोकळा, नुसत्या दावणी. रेशनवर लाल मिलो, तो परदेशी जोंधळा, मिळायचा, त्याच्या भाकरी घशाखाली उतरत नसत. माझ्या पोटातलं लेकरू अशा अन्नावर वाढतंय तरी कसं, याच विचारात मी असायची. संध्याकाळी मामा ओट्यावर बसून आभाळाकडं बघत. एक शब्द बोलत नसत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

पाणी नव्हतं म्हणून आत्यांनी एक युक्ती केली होती. न्हाणीघराच्या मोरीचं पाणी त्यांनी चर खणून कुंपणाच्या पट्टीत काढून दिलं. सगळ्या परसात तेवढीच ओल. मग पोटापाण्याचं काही तरी हवं म्हणून त्याच ओलीला, फुलांच्या शेजारी, त्यांनी रताळ्याचे वेल लावले. नवरात्रात उपासाला रताळी होतील, हा हिशेब. हौस आणि गरज अशी एका चराच्या पाण्यावर वाढली. कळलावीचा नवा कंद जुन्यापासून बाजूला सरकत वाढतो. जमिनीखाली तो कुठवर गेला हे वरून कळायला मार्ग नाही.

नवरात्र निम्मं सरलं होतं. घटाला रोज एक माळ चढत होती. तरवडाची, कारळ्याची फुलं त्या वर्षी मिळाली नाहीत, पण आत्यांची कळलावी फुलली होती. देव्हाऱ्यावर ती लाल-पिवळी माळ लोंबायची आणि समईच्या उजेडात हलायची. मी नमस्कार करताना तिच्याकडं बघत नसे.

त्या दिवशी सकाळी आत्यांनी खुरप्यानं रताळी काढली. माती वाळून दगड झालेली, त्यामुळं रताळी आख्खी निघेनात. तुकडे तुकडे होऊन आली. एरवी त्यांनी ती चार पाण्यांत धुतली असती. त्या दिवशी तांब्याभर पाण्यात खळबळली, माती तशीच राहिली, आणि पातेलं चुलीवर चढवलं. दुपारी त्या सालं काढून, गुळाचा खडा घेऊन, उभ्या उभ्याच खायला लागल्या. भुकेल्या होत्या. नऊ दिवसांचा उपास आणि दिवसभर पाण्यामागं पायपीट. माझा उपास त्यांनी धरू दिला नव्हता, पण माझ्यासाठी ताटलीत चार फोडी ठेवल्या होत्या.

मी उशिरा उठले. पाय सुजायचे म्हणून दुपारी पडायची. ताटली घेऊन बसले, एक फोड तोंडात घातली, चावली. कडू लागली. तरी वाटलं, दुष्काळाची रताळी, असतील कडवट.

"आत्या, ही कडू लागत्यात."

"पान्याबिगर वाढलीत, कडूच असनार," त्या म्हणाल्या. मिश्रीनं त्यांची जीभ कधीचीच मेलेली होती. मग एकदम थांबल्या. "किती कडू?"

मी काही बोलायच्या आत त्या चुलीशी गेल्या. सालांचा ढीग पडला होता. त्यांनी तो बोटांनी चिवडला. त्यातून एक तुकडा उचलला, उजेडात धरला. फाट्याच्या जागी मोडलेला, त्याला एक टोक राहिलेलं. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरताना मी पाहिला.

"थुक," त्या म्हणाल्या. "इंदे, थुक! गिळू नको!"

मी थुंकले. पण चावलं होतं, रस पोटात गेला होता. त्यांनी मला धरून मोरीशी नेलं, मिठाचं पाणी करून तांब्या तोंडाला लावला. "पी. समदं पी." मग माझ्या घशात दोन बोटं घातली. त्यांची बोटं खरखरीत होती, मातीचा वास येत होता. मी ओकले. त्यांनी पुन्हा पाणी पाजलं, पुन्हा ओकायला लावलं. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि मी पोटाला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, जणू उलटीबरोबर तेही निघून जाईल. घरातलं पिण्याचं सगळं पाणी त्यांनी माझ्यावर संपवलं. हंडा पालथा झाला तेव्हा मला सुचलं.

"आत्या, तुमी? तुमी किती खाल्लं?"

"माझं ऱ्हाऊ दे."

"किती?"

 त्या मोरीच्या कडेला बसल्या आणि स्वतःच्या घशात बोटं घातली. पण त्यांनी खाऊन बराच वेळ झाला होता. उपाशी पोटात जे गेलं ते फारसं वर आलं नाही. त्या तोंड पुसत उठल्या आणि म्हणाल्या, "मामांना हाक मार. घाबरवू नको त्यांना. नुस्तं म्हन, आत्यांनी बोलावलंय."

आधी काहीच झालं नाही, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. आम्ही दोघी ओट्यावर बसून होतो. आत्या सारख्या माझ्या तोंडाकडं बघत, मी त्यांच्या. मामा गावातल्या डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी मोडका कंद बघितला, आत्यांची नाडी बघितली आणि मामांना बाजूला घेऊन काही सांगितलं. मला एवढंच ऐकू आलं, "नगरला न्या. आत्ताच्या आत्ता."

उन्हं कलायला लागली तशी आत्यांच्या पोटात आग सुरू झाली. घसा जळतोय, म्हणाल्या. मग उलट्या, मग जुलाब. बघता बघता त्या ताठ बाईचं चिपाड झालं. मामा मनमाड रस्त्यावर जाऊन मधोमध उभे राहिले. यष्टी येऊन गेली होती, पुढची कधी येईल कोण जाणे. नगरकडं मिलोची पोती घेऊन जाणारा एक ट्रक त्यांनी अडवला. मामा कधी कुणापुढं वाकले नाहीत, पण त्या ड्रायव्हरसमोर त्यांनी हात जोडले. "माझी मालकीन मरती हो. लेकाची बायकू दोन जिवांची हाय."

"हात कशाला जोडता, बसवा लवकर," ड्रायव्हर म्हणाला आणि स्वतः खाली उतरून आत्यांना उचलून केबिनमध्ये ठेवलं.

तो रस्ता मला अजून स्वप्नात दिसतो. दोन्ही बाजूंनी उघडी रानं. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग, आणि काम सुटून घराकडं चाललेली धुळीनं पांढरी झालेली माणसं. आत्या माझ्या मांडीवर डोकं ठेवून, पायाशी बादली. ट्रक खड्ड्यातून आदळला की मी पोट धरायची. एरवी संध्याकाळी लेकरू पोटात लाथा झाडायचं. त्या दिवशी ते हललं नाही. मी वाट बघत होते. राहुरी आली, राहुरी गेली, तरी ते गप्पच. मला एकच दिसत होतं, कुंपणावरची ती वळलेली टोकं. वाटत होतं, ती आता माझ्या आत गेलीयत आणि एक एक करून धरतायत. कळ कधी येईल? ही आली का? कंबर दुखतेय ती बसून दुखतेय की हीच ती?

आत्यांनी बादलीवरून तोंड वर केलं. आवाज निघत नव्हता.

"इंदे, हालतंय का गं?"

"हालतंय, आत्या."

"खरं सांग."

"खरंच. आत्ताच लाथ मारली."

त्यांनी डोळे मिटले. ते हलत नव्हतं. मी मामांकडं पाहिलं. ते पोत्यांना टेकून मागं बसले होते. केबिनच्या मागच्या खिडकीतून त्यांचा फक्त हात दिसत होता, लोखंडी सळईला आवळून धरलेला.

नगरच्या दवाखान्यात आत्यांना आत नेलं आणि मला दुसरीकडं. एका डॉक्टरीणबाईंनी माझ्या पोटावर नळकांडं ठेवून कान लावला. त्या इतका वेळ काहीच बोलल्या नाहीत की मी त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांवरून काही कळतं का ते बघत राहिले. शेवटी त्या सरळ झाल्या. "ठोके आहेत."

मी रडायला लागले.

"रडू नका. पण पोटात किती गेलं ते आपल्याला माहीत नाही. कळा आल्या तर लगेच सांगायचं. दोन-तीन दिवस इथंच राहायचं."

आणि आत्या? त्यांच्याबद्दल डॉक्टरांनी मामांना जे सांगितलं ते मामांनी मला जसंच्या तसं सांगितलं, कारण ते घरात दुसऱ्या कुणाला सांगू शकत नव्हते. "या विषावर उतारा न्हाई म्हने. सलाईन लावायचं आन बघत बसायचं. अंगानं सोसलं तर सोसलं."

ते बघत बसणं मी पाहिलं. आत्यांचे ओठ फुटले, बोटांना मुंग्या यायला लागल्या, पाय उचलेनात. दुसऱ्या दिवशी उलट्या थांबल्या तेव्हा मामांना वाटलं, सुटली. डॉक्टर म्हणाले, खरी काळजी आता. टँकर सोडून हे तिथं पोचले ते अंगावरच्या कपड्यांनिशी, डोळे लाल झालेले. आईच्या खाटेपाशी उभे राहिले, मग माझ्या, मग पुन्हा आईच्या. कुणापाशी थांबावं ते त्यांना कळत नव्हतं. मी म्हटलं, "तिकडं थांबा. मी हाय बरी."

बरी नव्हते. प्रत्येक दुखण्यात मला कळ दिसायची. पण एका सकाळी, वॉर्डातली बाई फरशी पुसत असताना, पोटात काही तरी सरकलं. अगदी हळू, मासा पाण्यात वळावा तसं. मी श्वास धरून बसले. पुन्हा सरकलं. मग जोरात लाथ. मी खाटेवरून उठले आणि भिंत धरत धरत आत्यांच्या वॉर्डात गेले. त्यांचा हात उचलून माझ्या पोटावर ठेवला. त्यांना बोलता येत नव्हतं. लेकरानं त्यांच्या तळव्यावर लाथ मारली. त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी आलं आणि कानाकडं ओघळलं.

दसरा दवाखान्यातच झाला. मामांनी आपट्याची पानं आणली आणि आमच्या दोघींच्या उशाशी ठेवली. काही दिवसांनी डॉक्टरांनी आत्यांना घरी सोडलं. काठी धरून चालत होत्या, पण चालत होत्या. मला वाटलं, संपलं.

दुष्काळातली दिवाळी ती. फराळ नव्हता, फटाके तर नाहीच. पण पहाटेचं पहिलं न्हाण चुकवायचं नाही म्हणून मी वाटीत थोडं तेल कोमट केलं आणि आत्यांना पाटावर बसवलं. पणतीच्या उजेडात त्यांचा अंबाडा सोडला. केस अजून दाट होते, पांढरे फार थोडे. मी तेलाचा हात टाळूवर ठेवून चोळलं आणि हात उचलला, तर केस हातासोबत आले. एक-दोन नाहीत, बटच्या बट. वाटलं गुंता निघाला असेल. दुसऱ्या बाजूनं हळूच हात फिरवला. तिकडलेही आले. ओढावं लागलं नाही. मातीत पक्कं न धरलेलं रोप उपटून यावं तसे, अलगद. माझ्या हातात केसांची ही एवढी जुडी, आणि समोर आत्यांची पाठ.

"काय झालं गं? थांबलीस का?"

 त्यांनी हात मागं घेऊन डोक्याला लावला आणि मग पुढं आणून बघितला. किती तरी वेळ त्या स्वतःच्या तळहाताकडं बघत बसल्या. बाहेर शेजारच्या घरी पोरं पायाखाली कडू चिरांटं फोडत होती, हसत होती.

"अजून आत हाय म्हन की ती," आत्या म्हणाल्या.

दवाखान्यात मला इतकी भीती वाटली नव्हती. कारण तिथं वाटलं होतं, विष आलं तसं गेलं. आता कळलं, ते आत बसून राहतं आणि पाहिजे तेव्हा आपलं काम करतं. आत्यांना केसांवर सोडलं, मला कशावर सोडेल? लेकराला काय केलं असेल? ते हलतं, पण त्याला हात असतील का, डोळे असतील का? हे मी कुणालाच विचारू शकत नव्हते. केसांचं मात्र हे नगरला जाऊन डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले, या विषात केस जातात, पुन्हा येतात. पण आत्यांचा विश्वास बसला नाही. भाऊबीजेपर्यंत त्यांचं डोकं संपूर्ण मोकळं झालं. भुवया गेल्या.

मामांनी त्याच दिवशी कुदळ घेतली आणि कुंपणाची पट्टी खणून काढली. कळलावी, गुलछडी, रताळी, काही ठेवलं नाही. आत्या आतून कुदळीचे घाव ऐकत होत्या. एकदाही बाहेर आल्या नाहीत. गावातल्या बाया भेटायला यायच्या आणि आत्या आतल्या खोलीत तोंड फिरवून बसायच्या, पदर कपाळाखाली ओढून. एक बाई ओट्यावर बसून म्हणाली, "देवीचा कोप हाय. कळलावीची माळ घातली ना घटाला." दुसरी म्हणाली, "नवरा जित्ता असताना असं डोकं, लई वाईट." आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली.

तेव्हापासून आत्या माझ्यासमोरही यायचं टाळायला लागल्या. जेवण वाढायच्या ते दाराआडून हात पुढं करून. मी विचारलं तर म्हणाल्या, "तुझे दिस भरत आले. माझी सावली नको पडाय तुझ्यावर. बाळातपनाला मी खोलीत येनार न्हाई. शेजारची काशीबाई यील."

"मला तुमीच पायजे."

"न्हाई. मी आत्ता अपशकुनी झाले, पोरी. माझ्याच हातानं वाढलं मी तुला ते."

त्या एवढंच बोलल्या आणि उठून गेल्या. मला तेव्हा उमगलं, लोकांच्या बोलण्यानं त्या लपत नव्हत्या. त्या स्वतःलाच घाबरत होत्या.

पौषात, थंडीच्या एका सकाळी, माझ्या कळा सुरू झाल्या. सुईण आली, काशीबाई आली. दुपार झाली तरी सुटका होईना. सुईण काशीबाईला दबक्या आवाजात काही म्हणाली, आणि त्यात मला कंदाचं नाव ऐकू आलं. कुणाकडं तरी जपून ठेवलेला तुकडा होता म्हणे, तो तिनं वाटीत उगाळून आणला होता, पायाला लावायला.  मी ओरडले. कळांच्या वेळी ओरडले नव्हते तशी ओरडले.

"आत्या! आत्या, ह्यांना आडवा! आत्या!"

दार ढकलून आत्या आत आल्या. घाईत त्यांचा पदर डोक्यावरून घसरला होता. मी त्यांना तसं पहिल्यांदाच बघितलं, आणि काशीबाईनं मान फिरवली. आत्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यांनी सुईणीच्या हातातली वाटी घेतली, दाराबाहेर फेकली आणि माझ्या डोक्याशी येऊन बसल्या.

"तिचं नाव काढायचं न्हाई या घरात," त्या म्हणाल्या. "माझ्या सुनंला आपल्या आपन कळा येतील. म्या बसलेय हितं." मग माझ्या कानाशी वाकून, "घाबरू नको. मला धर. जोर लाव."

मी त्यांच्या गळ्याला मिठी घातली. दिवेलागणीच्या आत मुलगा झाला. रडला तोही जोरात. सुईणीनं नाळ कापताच आत्यांनी त्याला हातात घेतलं आणि उजेडाकडं नेलं. मी पडल्या पडल्या बघत होते. त्या त्याची बोटं उघडून बघत होत्या, हाताची, मग पायाची, मग डोळ्यांच्या पापण्या, मग कानांच्या पाळ्या. माझ्या मनात जे जे होतं आणि मी बोलले नव्हते, ते ते सगळं त्या तपासत होत्या. म्हणजे तीच भीती त्यांनाही होती, इतके महिने, भिंतीच्या पलीकडं.

"समदं हाय," त्या म्हणाल्या. "इंदे, समदं हाय."

सव्वा महिना मी खाटेवर होते. सकाळी ऊन दारातून आत येई तेव्हा आत्या लेकराला पायांवर घेऊन न्हाऊ घालत, आणि मी बघत असे. एका सकाळी त्याला पुसून, दुपट्यात गुंडाळून त्यांनी माझ्या कुशीत दिलं आणि त्याच पाटावर उन्हात बसल्या.  मग त्यांनी आपणहून पदर खाली घेतला.

"बघ तरी," त्या म्हणाल्या. "हाताला काही लागतंय. मला आरशात बघायचं धाडस होत न्हाई."

मी लेकराला एका हातानं धरून दुसरा हात पुढं केला. त्यांच्या टाळूवर बारीक, मऊ लव आली होती. काळी आणि थोडी पांढरी, उन्हात चमकणारी. मी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, मग लेकराच्या डोक्यावरून. माझे डोळे झाकून कुणी माझा हात कधी या डोक्यावर, कधी त्या डोक्यावर ठेवला असता, तर कुठलं कुणाचं ते मला सांगता आलं नसतं.

"आलेत, आत्या," मी म्हटलं.

 त्या नुसत्या थोड्या पुढं सरकल्या आणि डोकं माझ्या हाताखाली तसंच वाकवून ठेवलं. मग तेलाची वाटी उचलून माझ्याकडं दिली.